विहिरीचा निवाडा

रविवार, ९ जुलै १९७२

युस्टेसला वाचायला सांगितलंय! देवळात! अख्ख्या गावासमोर!

मिस्सा संपली आणि फादर ऑस्करनी त्याला पायरीवरच गाठलं. म्हणाले, तीस तारखेच्या मराठी मिस्सेत पहिलं वाचन तू कर. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, चेष्टा करतायत. साकीनाक्याच्या वर्कशॉपात लेथ चालवून चालवून माझ्या नवऱ्याचा डावा कान गेलाय. स्वतःचा आवाज त्याला नीट ऐकू येत नाही. ‘मीठ दे’ म्हणाला तरी शेजारणीला वाटतं तिच्याकडेच मागतोय. फादर म्हणाले, म्हणूनच तर! मागच्या बाकापर्यंत पोचेल.

लॅटिन होतं तेव्हा बरं होतं. कुणालाच काही कळत नव्हतं, सगळे सारखे. आता मराठीत आलंय तर लोक कान देऊन ऐकतात. एक शब्द चुकला की मरोळभर होईल.

घरी हा जेवायला बसल्यावर विचारतो, "एथेल, माझा पांढरा शर्ट हाय ना इस्त्रीचा?"

तीन आठवडे आहेत अजून!

बुधवार, १२ जुलै

वाचन जुन्या करारातलं आहे, शलमोन राजाचं. पोरवयात गादीवर बसलेला. देव स्वप्नात येऊन म्हणतो, माग काय हवं ते. तर हा पैसा मागत नाही, लांब आयुष्य मागत नाही, वैऱ्याचा जीव मागत नाही. म्हणतो, एवढी माणसं माझ्या हाती दिलीस, तर खरं-खोटं ओळखायची अक्कल दे. देव इतका खूश, की न मागितलेलंही सगळं देऊन टाकतो.

युस्टेस दाढी करताना वाचतो, आंघोळीच्या आधी वाचतो, नंतर वाचतो. सकाळी कृष्णाबाई मासळी घेऊन आली. माझं लग्न झाल्यापासून ती वेसाव्याहून येऊन आमच्या दारात पाटी उतरवते. म्हणाली, "दादा कुनावर वरडतो गो?" मी तिला गोष्ट सांगितली. बोंबील साफ करता करता तिनं जरा विचार केला. "मना इचारला असता त मी होडीला नवा इंजिन मागितला असता." मी म्हटलं, मी गॅस! नंबर लावून म्हातारी व्हायची वेळ आली. दोघी खूप हसलो.

आतून आवाज — "म्हनून तो तुमच्या सपनात येत नाय!"

नको ते बरोबर ऐकू येतं!

शनिवार, १५ जुलै

माहेरी जाऊन आले. दोन गल्ल्या ओलांडल्या की माझं माहेर. अंगण एक, घरं दोन. एका घरात हेन्री, मी त्याला दादा म्हणते, त्याची बायको ॲग्नेस आणि मुलगी ऑलिव्ह. दुसऱ्या घरात ग्रेगरी, आमचा धाकटा, बायकोपोरांसह. मधे विहीर. पपांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः आत उतरून खणलेली. वर्ष झालं, त्या विहिरीपायी दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.

ग्रेगरीनं मोटर बसवली आणि साकीनाक्याच्या कारखान्यांना टँकरनं पाणी विकायला लागला. दादा म्हणतो, पाणी तळाला गेलं, बादलीत गाळ येतो, पपांनी काय विकायला खणली होती? ग्रेगरी म्हणतो, दादाला एअरपोर्टवर नोकरी आहे, आमची शेतं कारखान्यांखाली गेली, मी पोरांना काय घालू? दोघांचंही खरं! तीच तर पंचाईत आहे.

ऑलिव्हचं लग्न ठरलं, एकोणीस नोव्हेंबरला. मुलगा वांद्र्याचा, चांगला आहे, हसतो. मी आत्या, तेव्हा आदल्या दिवशी नवरीला न्हाऊ घालायचं उंबराचं पाणी मीच आणायचं, बँड लावून, पपांच्या विहिरीवरून. मला आत्ताच नाचावंसं वाटतंय. ग्रेगरी मात्र पलीकडे आपल्या ओट्यावर पाठ करून बसला होता. सख्ख्या पुतणीच्या लग्नाची तारीख, आणि त्याला कुणी हाक मारली नाही.

मीही नाही मारली. त्या अंगणात मी तोंड उघडत नाही. पपा गेले त्या वर्षी मी म्हटलं होतं, मागचा फणस तोडू नका. तर ॲग्नेसवहिनी गोड हसून म्हणाली, "तुझा घर तिकडं ना, एथेल?" ती वाईट नाही. पण ते लागलं ते लागलंच. तेव्हापासून जाते, चहा पिते, परत येते. बाकी जगात मात्र माझ्या तोंडाला कुणी आवर घालून दाखवावा!

मंगळवार, १८ जुलै

पाऊस नाही. युस्टेसचं वाचन मात्र धो धो.

रविवार, ३० जुलै

झकास वाचलं! एकदाही अडखळला नाही. ‘मी अजून लहान आहे, मला काही कळत नाही’ असं राजा देवाला सांगतो, तिथे याचा आवाज असा खाली आला की मला रडूच फुटलं. टक्कल पडलेला, पोट सुटलेला माझा नवरा, आणि खरंच लहान पोरासारखा वाटला.

फादर प्रवचनात म्हणाले, मूळ हिब्रूत शलमोन ‘ऐकणारं काळीज’ मागतो. शहाणपण म्हणजे तेच. ते शाळेत मिळत नाही, केस पिकले म्हणून येत नाही. देव देतो, त्याला वाटेल त्याला देतो. देवाचा तंबू उभारायचा होता तेव्हा त्यानं ते सुतार-लोहारांच्या हातात घातलं, सूत कातणाऱ्या बायांच्याही काळजात घातलं. युस्टेसनं मला कोपरानं ढोसलं — "लोहारांना पन!" मी म्हटलं, बायांचंही ऐकलंस ना?

आणि मग बाहेर गंमत! शर्टाच्या बाह्या वर करत दादा आला. "युस्टेस, तू मधी पड. वकील नको, कोरट नको. तू सांगशील ता मना मान्य." तो गेला नाही तोच फाटकापाशी ग्रेगरी उभा. शब्द न् शब्द तोच!

दोघांनी एकच वाचन ऐकलं, आणि दोघांची खात्री पटली की शलमोन आपल्याच बाजूचा.

युस्टेस हो म्हणाला. माझे भाऊ आहेत ते. हा चुकला तर दोन्ही दारं मला बंद.

गुरुवार, ३ ऑगस्ट

घात झाला. देवळात वाचायचं होतं तिथे हा थांबलेला नाही, पुढचंही वाचून काढलंय! दोन बाया, एक जिवंत बाळ, दोघी म्हणतात माझं. राजा म्हणतो, तलवार आणा, अर्धं अर्धं करा. खरी आई ओरडते, नको, तिला द्या, पण मारू नका. म्हणजे हीच खरी.

"काय डोका हाय गो या मानसाला!" रात्रीचं जेवण होईपर्यंत हेच चाललं होतं. डोळे नुसते चमकत होते. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

संध्याकाळी जपमाळ झाली की मी उठते भात लावायला. हा आता उठत नाही. मेणबत्तीसमोर गुडघे टेकून पुटपुटत बसतो. बहिऱ्याचं पुटपुटणं, चुलीपर्यंत ऐकू येतं! सगळं नाही, पण ‘शहाणपण’ एवढं येतं, ‘दे’ येतं. रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा रोज तिथे हजर. गुडघे दुखतात त्याचे, मला माहीत आहे. उठताना पलंगाचा आधार घेतो. मी खाली जुनी गोधडी घालून ठेवली.

रविवार, १३ ऑगस्ट

आज दोन्ही घरी जाऊन बसलो. दादाकडे सकाळी, ग्रेगरीकडे चहाला. युस्टेस खुर्ची अशी फिरवून घेतो, की उजवा, चांगला कान बोलणाऱ्याकडे. मधे एक शब्द बोलत नाही. दादा रडला. ग्रेगरी ओरडला. मग ग्रेगरीची बायको रडली. मी दोन्ही ठिकाणी बशीतल्या बिस्किटाकडे बघत बसले.

परत येताना विचारतो, "तुला काय वाटते?"

"मला काय वाटायचंय? माझं घर इकडे."

तो चालताना थांबला. माझ्याकडे बघितलं आणि परत चालायला लागला. मी जरा फटकन बोलले का?

मंगळवार, १५ ऑगस्ट

माउलीच्या स्वर्गारोहणाचा सण, मिस्सा, पुरणाच्या करंज्या. दोन्ही भावांकडे वेगवेगळ्या डब्यातून पाठवल्या. कधीतरी एका ताटात वाढायच्या आहेत मला!

रविवार, २७ ऑगस्ट

वाट लागली. पार वाट लागली.

निवाडा आज दिला. दोघांना विहिरीपाशी बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा एवढे जवळ उभे राहिले. वहिन्या आपापल्या दारात, ऑलिव्ह खिडकीत, मी दादाच्या पायरीवर. युस्टेसनं घसा साफ केला आणि त्या आवाजात, जो मागच्या बाकापर्यंत पोचतो, म्हणाला —

"अर्धी विहीर तुला आनि अर्धी त्याला देता येत नाय. म्हनून कुनालाच नाय. बुजवून टाका."

मला कळलं! लगेच कळलं, तलवार काढलीय यानं! आता दादा ओरडेल, नको नको, ग्रेगरीला दे पण बुजवू नको. पपांची विहीर आहे. दादा तिच्या काठावर खेळून वाढला.

दादा म्हणाला, "ठीक हाय."

मग मी ग्रेगरीकडे पाहिलं. त्याचं तर पोट आहे त्या पाण्यावर. तो म्हणाला, "चालेल. त्याला नाय तर मना पन नको."

दोघे आपापल्या घरात गेले. दारं लागली. युस्टेस तिथेच उभा. मी त्याचा हात धरून घरी आणला. रस्त्यात एक अक्षर बोलले नाही. घरात आल्यावर मात्र सगळं बोलले.

सोमवार, २८ ऑगस्ट

शलमोनाच्या पुढ्यात आई होती रे! तुझ्यापुढे माझे भाऊ होते! हे मी त्याला काल सांगितलं, आज सकाळी सांगितलं, डबा देताना परत सांगितलं. म्हणतो, "ऐकला."

"मग शब्द मागे घे."

"पंचाचा शब्द हाय."

माझ्या आयुष्यात एवढा राग मला कुणाचा आला नव्हता. आणि डब्यात मी त्याच्या आवडीची सुकटाची चटणी घातली होती, ते आठवून आणखी राग आला.

मंगळवार, ५ सप्टेंबर

कृष्णाबाईला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "देवानं डोका दिला, पन कुनापुढं चालवायचा ता नाय सांगितला!" मला हसू आलं. एकदम इतकं आलं की रडूही आलं. ती पाटी सोडून माझ्याजवळ पायरीवर बसली. मासळीचा हात माझ्या पाठीवर. लुगड्याला वास लागला, लागू दे.

संध्याकाळी हा पुन्हा मेणबत्तीपुढे. अजून काय मागतोय? मिळालं ना एवढं सगळं!

रविवार, १० सप्टेंबर

मोतमाउलीच्या जत्रेला वांद्र्याला गेले, ऑलिव्हला घेऊन. पोरीचा चेहरा उतरलेला. लोक मेणाचे हात, पाय, घरं, बाळं घेऊन वर माउलीला वाहतात. जे बरं व्हायला हवं ते मेणाचं घ्यायचं. मी टपरीवाल्याला विचारलं, विहीर आहे का? तो बघतच राहिला. "बाई, विहीर कोण मागतं?" मेणाची विहीर नसते. मी एक डोकं घेतलं. युस्टेसच्या नावानं.

उतरताना ऑलिव्ह म्हणाली, "आत्या, डॅडी म्हणतात उंबराचं पाणी म्युनिसिपालिटीच्या नळावरून आणू."

नळावरून! बँड लावून! रांगेत बादल्या लावलेल्या बायांच्या मधे!

"आत्या, तू बोल ना त्यांच्याशी."

"माझं कोण ऐकतंय गं तिथे?"

माझा हात तिनं बसस्टॉपपर्यंत सोडला नाही. मला स्वतःची लाज वाटली. खरंच वाटली.

बुधवार, २० सप्टेंबर

पावसात गाडी रुतेल म्हणून विहिरीच्या भरणीचं काम आगेऱ्यानंतर, म्हणजे नव्या भाताच्या सणानंतर. तारीख युस्टेसनंच ठरवली, सात ऑक्टोबर. पाऊस कुठे पडलाय यंदा, की गाडी रुतेल! हे मी बोलून दाखवलं. त्यानं ऐकू न आल्यासारखं केलं. त्याची ती कला जुनी आहे.

रविवार, १ ऑक्टोबर

आगेरा. शेतं आता थोड्याच जणांची राहिलीत, तरी कुठून कुठून भाताच्या लोंब्या आणल्या. फादरनी आशीर्वाद दिला, मिरवणूक निघाली. दादा उजवीकडून चालला, ग्रेगरी डावीकडून. मधे मी. दोघांनी माझ्याच हातात आपापली लोंबी दिली, देवळात ठेवायला. दोन्ही हात भरले माझे. कुणाला दिसलं नाही, मी चालता चालता रडत होते ते.

युस्टेसला दिसलं असावं. घरी आल्यावर त्यानं स्वतः चहा केला. गोड मिट्ट. मी प्यायले सगळा.

शनिवार, ७ ऑक्टोबर

लिहून टाकते.

सकाळी गुणाजी भरणीवाला ट्रक घेऊन आला. पाडलेल्या कुठल्यातरी बंगल्याचं डबर, विटा, लाद्यांचे तुकडे. मजूर घमेली घेऊन उभे. दादा जमिनीकडे बघतोय. ग्रेगरीनं सिगारेट पेटवली, विझली, परत पेटवली. वहिनी पदर तोंडाला लावून दारात. युस्टेस मात्र विचित्रच उभा, भावांकडे पाठ करून, तोंड मी होते त्या पायरीकडे. मला वाटलं, तोंड दाखवायला लाज वाटत असेल याला.

"टाकू काय?" गुणाजीनं विचारलं.

पहिलं घमेलं रिकामं झालं.

तो आवाज! आधी काहीच नाही, मग खालून, खोलातून, धप्प! विहिरीत मी लहानपणी हाक मारायची नि ती उलटून हाक मारायची. आज तिनं जी हाक मारली ती मी ऐकली. दुसरं घमेलं उचललं आणि मला कळलंच नाही मी पायरी कधी उतरले.

"थांब! थांब रे गुणाजी! टाकू नको!"

मी! त्या अंगणात! माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"दादाला द्या! नायतर ग्रेगरीला द्या, विकू दे त्याला सगळा पानी, मी हू का चू करनार नाय! मना काय नको! उंबराचा पानी पन नको! पन हिला मारू नका रे! पपा उतरले होते हिच्यात — मम्मी वर दोर धरून उभी होती, पोटुशी, ग्रेगरी तिच्या पोटात होता! हिला मारू नका!"

घमेलं घेतलेला मजूर तसाच उभा.

युस्टेस हळूच म्हणाला — हळूच, खरंच! — "झाला निवाडा."

मग भावांकडे वळला. "तुमच्या बापाला लेकरं तीन. मी दोघांनाच इचारला होता. विहीर एथेलची. पानी तिघांचा. ती सांगेल कवा काढायचा नि किती."

ग्रेगरी उसळला — "ही काय पंचायत हाय? ऐकलास दादा?"

"ऐकतोय ना! म्हंजे आता बयनीला इचारून आंघोल करायची!"

वर्षात पहिल्यांदा दोघे एकमेकांशी बोलले, माझ्याविरुद्ध! तोंडं लाल करून, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. मला एवढं बरं वाटलं की मी मटकन काठावरच बसले. आणि तिथे माझ्याजवळ कोण येऊन बसलं, तर ॲग्नेसवहिनी. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

गुणाजीला एवढंच विचारायचं होतं, की ट्रक आता कुठे रिकामा करू?

रविवार, ८ ऑक्टोबर

फादरना सगळं कळलं होतं. फाटकातच हसत उभे. म्हणाले, जुन्या करारात अशी एक बाई आहे. नावसुद्धा दिलेलं नाही, नुसती ‘शहाणी बाई’. सैन्य तिच्या गावाची तटबंदी पाडत होतं. गावातले मोठे मोठे लोक गप्प. ही तटावर आली आणि ओरडली, ऐका, ऐका, देवानं दिलेला वारसा का गिळता? सैन्य थांबलं.

मी म्हटलं, "फादर, मी कसली शहाणी! मी भानावर नव्हते. शहाणपण याला सुचलं, अगदी ऐनवेळी. देवानं उशिरा दिलं, पण दिलं." युस्टेस बूट बघत उभा होता. फादरनी त्याच्याकडे बघून भुवई उडवली आणि आत गेले.

रस्त्यात मी त्याचा हात धरला. लोक बघत होते. बघू देत. सव्वा महिना मी याला घालूनपाडून बोलले. यानं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

माझे नियम. सकाळी दोन्ही घरांचं पाणी भरून झाल्याशिवाय मोटर नाही. पाणी खालच्या पायरीला गेलं की टँकर बंद, मग कारखाना बोंबलो. उन्हाळ्यात मोटर नाहीच, आणि त्या दिवसांपुरतं दादानं एअरपोर्टवर ग्रेगरीला काहीतरी काम बघायचं.

दोघांनीही तोंड वाकडं केलं. दोघांनीही मान हलवली. ग्रेगरी जाता जाता म्हणाला, "बाय, तू मम्मीसारखी बोलायला लागलीस."

मी दिवसभर तेच घोळवतेय.

शनिवार, १८ नोव्हेंबर

उंबराचं पाणी! बँडवाला अर्धा तास उशिरा आला पण वाजवलं असं की कावळे उडाले. मी हिरवं लुगडं नेसले. विहिरीच्या काठाला फुलं. पहिली कळशी मी भरली, दोर ओढायला एका बाजूला दादा, एका बाजूला ग्रेगरी. ग्रेगरी ओढतो जोरात, दादा हळू, अर्धं पाणी माझ्याच अंगावर! ऑलिव्ह हसून हसून वाकली. कृष्णाबाई वेसाव्याहून नटून आली होती, नाचली सगळ्यांच्या आधी.

आणि एका ताटात जेवले दोघे भाऊ. मी वाढलं.

सोमवार, २० नोव्हेंबर

मांडव उतरला. दुपारी दोघंच घरी. सहज विचारलं, ऐनवेळी मी आहे हे तुला सुचलं तरी कसं?

"ऐनवेळी कुठं? तुझे भाव वरडनार नाय, ता मना पयल्या दिवसापासून ठाव होता. मी तुझी वाट बघत होतो."

"आणि मी गप्प बसले असते तर?"

"तर गेली असती विहीर. म्हनून त रोज मागत होतो गो. माझ्यासाठी नाय, तुझ्यासाठी."